सोळा मुलांची शाळा : श्रीमंत सयाजीराव महाराज आणि प्राथमिक शिक्षण

वडोदऱ्यातील मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्यावर लेख नसता तर वाचकांना चुकल्यासारखे वाटले असते. महाराजांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचे राजवाडे, परदेशप्रवास, कलाकारांना व विद्वानांना दिलेला आश्रय, ब्रिटिश सत्तेशी उडालेले खटके या सर्वांची चर्चा या शहरात घरोघरी झालेली आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा एकच धागा हाती घ्यावयाचा आहे. एखाद्या गावाला प्राथमिक शाळा द्यावी की देऊ नये, हे सरकारने कशाच्या आधारे ठरवावे, या प्रश्नाला त्यांनी आयुष्यभर दिलेले उत्तर हा तो धागा होय. विषय वरवर पाहता कचेरीतील कागदपत्रांचा वाटेल. परंतु लक्षावधी मुलांचे भवितव्य अशा कागदावरील एका शेऱ्यानेच ठरत आलेले आहे.

महाराजांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे या लहानशा गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव व आई उमाबाई. घराणे गायकवाडांचे असले तरी राहणी शेतकऱ्याची होती. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाचे शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना ब्रिटिशांनी पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांना बडोद्यास येण्याचे कारण विचारले असता गोपाळरावांनी आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत असे धीटपणे सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी होऊन गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

कथा सर्वश्रुत असली तरी तिच्या मागील वस्तुस्थितीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. गादीवर बसलेला हा मुलगा बाराव्या वर्षी प्रथमच अक्षरे गिरवू लागला. एलियट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा भार एकाच वेळी त्यांच्यावर पडला. उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाचे कष्ट किती असतात, हे त्यांना कोणा पंडिताने सांगावयाची आवश्यकता नव्हती; आणि कवळाण्यात मागे राहिलेल्या बरोबरीच्या मुलांना तेवढीही संधी मिळाली नाही, हेही त्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल. दिवाण सर टी. माधवराव यांनी या काळात राज्यकारभाराची घडी बसविली आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठरा वर्षांच्या महाराजांच्या हाती संपूर्ण अधिकार आले.

त्या वेळी इंग्रजी मुलखात नवी शाळा मंजूर होण्याची रीत काय होती, हे पाहिल्याखेरीज बडोद्यातील बदलाचे महत्त्व कळणार नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली होती. ज्या ठिकाणी लोकांची मागणी असेल, स्थानिक निधीत पैसा असेल आणि शिक्षणखात्याचा तपासनीस अनुकूल अभिप्राय देईल, त्या ठिकाणी शाळा निघे. ही रीत वरकरणी न्याय्य दिसते. परंतु मागणी करावयाची म्हणजे अर्ज लिहिता येणारा माणूस गावात हवा, साहेबाच्या कचेरीत वजन असणारा कोणी तरी हवा. ज्या गावात असा एकही माणूस नाही, त्या गावाला शाळेची गरज सर्वांत अधिक आणि शाळा मिळण्याची शक्यता सर्वांत कमी! १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी या व्यवस्थेच्या मर्मावरच बोट ठेवले. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामाचा आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांचे प्रतिपादन होते. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. आयोगाने प्राथमिक शिक्षणाचा भार स्थानिक मंडळांकडे सोपविला. सक्तीचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

जोतीरावांचा आणि तरुण सयाजीरावांचा परिचय होता. जोतीरावांनी आपल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील भाग महाराजांना वाचून दाखविला होता. या वाचनाचा महाराजांच्या मनावर नेमका किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही. तथापि जी मागणी ब्रिटिश सरकारने बाजूला ठेवली, ती पुढे एका मराठी राजाने गुजरातच्या भूमीवर अमलात आणली, हा इतिहास आहे.

अधिकार हाती येताच महाराजांनी शिक्षणाकडे लक्ष वळविले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी, ज्यांना त्या काळी अंत्यज शाळा म्हणत, त्या शाळा कारकिर्दीच्या आरंभीच निघाल्या. नवसारी प्रांतातील सोनगड येथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढण्यात आली. अंत्यज शाळांवर जाण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार नसत. म्हणून पुष्कळदा मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. शाळा मंजूर करणे एका सहीचे काम असते, ती चालविणे हे समाजाशी रोज घ्यावयाचे झुंज असते, हा पहिला धडा महाराजांना येथे मिळाला.

१८९१ मध्ये त्यांनी ग्राम्यशाळांची योजना हाती घेतली. या योजनेचा नियम अत्यंत साधा होता. ज्या गावात शाळेत येण्यास तयार असलेली किमान सोळा मुले मिळतील, त्या गावास शाळा मिळावी. शाळामास्तर हा गावच्या व्यवस्थेतलाच एक घटक व्हावा, बाहेरून आलेला पाहुणा राहू नये, अशीही त्यात दृष्टी होती. सोळा हा आकडा लहान आहे, परंतु त्याने एक मोठी गोष्ट साधली. शाळा द्यावी की नाही या प्रश्नाचे उत्तर आता तपासनीसाच्या मर्जीवर, पाटलाच्या वजनावर किंवा अर्जाच्या भाषेवर अवलंबून राहिले नाही. ते मुलांच्या संख्येवर अवलंबून राहिले. गावातील कोणत्याही अडाणी माणसाला ओसरीवर बसून ही मोजणी करता येण्यासारखी होती. राजाच्या कृपेची जागा नियमाने घेतली आणि नियम असा की जो प्रजेला स्वतः तपासून पाहता येईल. राज्यकारभारात याहून मोठी सुधारणा क्वचितच होते.

तरीही या नियमात एक उणीव होती. मुले शाळेत येण्यास तयार असावयास हवीत, ही अट त्यात होतीच. ज्या घरातील सात वर्षांचा मुलगा गुरे राखतो आणि आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, त्या घरातून तयारी कोठून यावी? पालकाची इच्छा हीच जर शाळेची पहिली पायरी मानली तर गरिबाचे मूल पायरीवरच अडकून राहणार. येथून महाराजांचा विचार सक्तीकडे वळला.

बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत ब्रिटिश मुलखात व इतर संस्थानांत विखुरलेले होते. सक्तीच्या शिक्षणाच्या प्रयोगासाठी महाराजांनी काठेवाडातील अमरेली तालुका निवडला. १८९३ मध्ये तेथील दहा गावांत हा प्रयोग सुरू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा ठरली. मुलींनाही सक्ती लागू करावी, हा त्या काळातील धाडसाचा भाग होता. कारण मुलीला शाळेत घालणे म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणे असे मानणारी कुटुंबे सर्व जातींत होती. ज्या शिक्षणाची सक्ती केली त्याची फी घ्यावयाची नाही, हेही ओघानेच आले.

या प्रयोगाच्या बाबतीत महाराजांनी दाखविलेला संयम विशेष उल्लेखनीय आहे. पूर्ण सत्ताधीश असलेल्या राजाला एका फर्मानाने सर्व राज्यात सक्ती जाहीर करता आली असती आणि वर्तमानपत्रांतून वाहवाही मिळविता आली असती. महाराजांनी तसे केले नाही. दहा गावांतून हा प्रयोग हळूहळू तालुक्याच्या बावन्न गावांत नेला. मास्तर पुरतात की नाही, पालक दंड भरणे पसंत करतात की मूल पाठविणे, पेरणी-कापणीच्या दिवसांत पटावरील मुले कोठे जातात, या गोष्टी पाहण्यास त्यामुळे अवसर मिळाला. तेरा वर्षे हा अनुभव जमा होत होता.

या तेरा वर्षांतच राज्यावर आणि राजावर मोठी संकटे आली. १८९९-१९०० चा, संवत् १९५६ मधला म्हणून छप्पनियाचा दुष्काळ या नावाने ओळखला गेलेला भीषण दुष्काळ गुजरातेत पडला. १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे २४ लाख १५ हजार असलेली संस्थानची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे १९ लाख ५३ हजारांवर आली. या दोन आकड्यांत केवढा हाहाकार सामावलेला आहे! अशा वेळी सरकारी खर्चाला कात्री लावताना पहिला घाव शिक्षणावर पडतो, हा सर्व देशांचा अनुभव आहे. महाराजांची प्रकृतीही साथ देत नव्हती; निद्रानाशाच्या विकारामुळे त्यांना वारंवार परदेशी जावे लागे आणि या दीर्घ अनुपस्थितीबद्दल त्यांच्यावर टीकाही होत असे. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ मध्येच निवर्तल्या होत्या. पुढे १९०८ मध्ये युवराज फत्तेसिंहराव ऐन तारुण्यात गेले. या सर्व काळात शाळेचा विचार मात्र सुटला नाही.

१९०६ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सर्व संस्थानास लागू झाला. त्यातील सवलतींचे कलम लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. आजारी किंवा अपंग मूल, ज्याच्या मिळकतीवर असहाय आईबाप जगतात असे मूल, आणि ज्याच्या घरापासून एक मैलाच्या आत शाळा नाही असे मूल, यांना सक्तीतून सूट होती. शेवटची सूट वरवर पालकाच्या सोयीची दिसते. वास्तविक ती सरकारला घातलेली बेडी आहे. मैलाच्या आत शाळा नसेल तर सरकारला पालकाकडे बोट दाखविता येत नाही. कायदा राबवावयाचा असेल तर आधी शाळा काढावी लागते. नवी शाळा मंजूर करावी की नाही हा प्रश्न येथे पार उलटा झाला. गावाने सरकारपुढे हात पसरावयाचे हा पूर्वीचा प्रकार होता. आता सरकारलाच आपल्या कायद्याची लाज राखण्यासाठी गावात जाणे भाग पडले.

बडोद्याचे हे उदाहरण लवकरच अखिल हिंदुस्थानच्या चर्चेत आले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१० मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी बडोद्याचा दाखला ठळकपणे दिला. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार बडोद्यात शाळेच्या वयाच्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के आणि मुलींपैकी जवळजवळ निम्म्या शाळेत होत्या, तर ब्रिटिश मुलखात हे प्रमाण मुलांच्या बाबतीत एकपंचमांशाच्या आसपास होते. एका देशी संस्थानिकाला जे साधले ते बलाढ्य ब्रिटिश सरकारला का साधू नये, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. गोखल्यांची स्वतःची योजना बडोद्याहून सौम्य होती. ज्या भागात मुलांपैकी ३३ टक्के आधीच शाळेत जात असतील तेथेच सक्ती करावी, असे ठरावात सुचविले होते. सरकारला पचेल तेवढेच मागावे हा त्यांचा स्वभाव. तेवढेही सरकारला पचले नाही. खर्च झेपणार नाही, लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, अशी कारणे पुढे आली आणि १९११ मध्ये आणलेले त्यांचे विधेयक १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे १९१७ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. वाट बडोद्याने पाडून ठेवलेली होती.

महाराजांचे चरित्र सांगताना केवळ गुणगान करणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. कायदा झाला तरी पटावरील नाव आणि वर्गातील मूल यांत अंतर राहिलेच. दंड पुष्कळांना झाला आणि तो गरिबांनाच अधिक बोचला. तिसरी-चौथी होऊन शाळा सोडलेली मुले काही वर्षांत वाचावयास विसरत. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी समाजाची दारे उघडली नाहीत. १९१३ मध्ये महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन ज्या तरुणाला अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले, ते डॉ. भीमराव आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले असता त्यांना या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. आपल्या शहराच्या इतिहासातील हे पान शताब्दीच्या आनंदातही मिटून ठेवता येणार नाही. राजाची इच्छा आणि प्रजेची मनोवृत्ती यांतील अंतर त्या पानावर लिहिलेले आहे.

शिकलेले विसरले जाते, या उणिवेवर महाराजांनी शोधलेला उपाय म्हणजे ग्रंथालय. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बडोद्यास बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरू लागल्या. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या वाचनालयांना जीव लावला. येथेही मंजुरीचा नियम साधाच होता. खर्चाचा एकतृतीयांश गावाने उभा करावा, एकतृतीयांश पंचायतीने द्यावा आणि उरलेला सरकारने घालावा. शाळेच्या बाबतीत महाराजांनी गावाकडे पैसा मागितला नाही, मुले मागितली. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र गावाचाही वाटा मागितला. कारण शाळा ही मुलाचा हक्क आहे आणि मुलाला वर्गणी काढता येत नाही. ग्रंथालय ही मोठ्या माणसांची जबाबदारी आहे. हा भेद त्यांनी कोठे शास्त्र म्हणून मांडला असो वा नसो, त्यांच्या नियमांतून तो स्पष्ट दिसतो. वर्गणीदारांच्या आणि देणगीदारांच्या बळावर शंभर वर्षे उभ्या असलेल्या आपल्या संस्थेला या विचाराचे मोल निराळे सांगावयास नको.

भाषेच्या बाबतीतही त्यांची दृष्टी उदार होती. स्वतः मराठी असून त्यांनी प्रजेच्या गुजरातीला शाळेत व कारभारात मानाचे स्थान दिले. त्याच वेळी मराठी ग्रंथरचनेला सढळ हाताने साहाय्य केले. १९३२ मध्ये कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९३६ च्या हीरक महोत्सवाच्या वेळी एक कोटी रुपयांचा निधी त्यांनी ग्रामीण जनतेच्या उन्नतीसाठी राखून ठेवला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ या शहरात सुरू झाले.

महाराजांच्या सोळा मुलांच्या नियमाचा विचार आज करताना मन थोडे अस्वस्थ होते. स्वतंत्र भारतात १९८६ च्या शैक्षणिक धोरणाच्या काळात तीनशे लोकवस्तीच्या वाडीला एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हे प्रमाण मानले गेले. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कायद्याने व त्याखालील नियमांनी एक किलोमीटरचे अंतर पुन्हा अधोरेखित केले. बडोद्याचा मैल येथे थोडा आखूड झाला, म्हणजे प्रगतीच झाली. परंतु त्याच सुमारास उलट दिशेचा विचारही सुरू झाला. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात काय, याची चर्चा अलीकडच्या वर्षांत वारंवार झाली. विलीनीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही; चार मुलांच्या शाळेत एकटा पडलेला शिक्षक आणि सोबत्यांवाचून वाढणारी मुले यांचाही विचार करावयास हवा. तथापि ज्या संख्येवर १८९१ मध्ये शाळा उघडत असे, त्या संख्येवर आज शाळा बंद करण्याचा विचार व्हावा, ही गोष्ट क्षणभर थांबून मनाशी तोलण्यासारखी आहे. वडोदऱ्यात मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घटत गेलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यामुळे आपल्याला तर हा प्रश्न परका नाही. आपणच आपली मुले तेथे पाठविली नाहीत, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

शाळेला मंजुरी देताना खर्च मोजावा लागतो, अंतर मोजावे लागते, शिक्षक मोजावे लागतात. ज्याच्या हाती ही मोजदाद असते त्याने प्रथम काय मोजावे, हाच खरा प्रश्न आहे. बाराव्या वर्षी पहिले अक्षर गिरविलेल्या या राजाने प्रथम मुले मोजली आणि बाकीचे हिशेब त्या संख्येवरून केले. त्याच्या नगरीत शंभर वर्षे पुस्तके सांभाळीत बसलेल्या आपण मंडळींनी एवढी आठवण राखली, तरी त्याचे ऋण काही अंशी फिटेल.